ठोक्यावर थांबणारं वाचन

तांडापेठ, नागपूर
ता. ९ नोव्हेंबर १९२५

चि. चंपत यास,

आशीर्वाद. थोरल्या भावाने पत्राच्या डोक्यावर तो घालायचा असतो, म्हणून घातला आहे. अकरा वर्षांतलं पहिलंच पत्र, त्यात रीत मोडायला नको.

तुझा पत्ता मी कोणाला विचारलेला नाही. छिंदवाड्याला शाळेत मास्तर आहेस एवढं ठाऊक होतं, आणि छिंदवाड्यात हेडाऊ नावाचा मास्तर दुसरा कोण असणार? पत्र तुझ्या हाती पडलं तर माझा तर्क बरोबर ठरला.

काम एकच आहे. खालच्या प्रश्नाचं उत्तर परतीच्या टपालाने पाठवावं.

तू बारा वर्षांचा असल्यापासून सोळाचा होईपर्यंत, म्हणजे १९०३ ते १९०७, माझ्या मागाच्या डाव्या अंगाला बसून मोठ्याने वाचायचास आणि मी विणत असायचो. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की फणीचा ठोका पडतो, हे कोष्ट्याच्या पोराला सांगायला नको. तर तो ठोका पडताना तू वाचता वाचता थांबायचास का? नीट आठवून लिही. अंदाजाने लिहू नकोस.

प्रश्न विचित्र वाटेल. त्याचं कारण असं की घरात वाचन अजून चालू आहे आणि त्याच पद्धतीने चालू आहे. आता माग दोन आहेत. एकावर मी, एकावर पंचफुला. सत्यवती सतरा वर्षांची झाली, मार्तंड चौदाचा. दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत एक जण वाचतो, एक जण धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरतो, आम्ही दोघं विणतो. वाचणाऱ्याला कांड्या माफ. नियम तुझ्या वेळचाच आहे.

लोक मला म्हणतात, पोरं आपली आपण वाचू लागली, आता त्यांच्यापुढे काय मोठ्याने वाचता? मी म्हणतो, लहान पोराला कोणीही वाचून दाखवील. ते हूं म्हणतं आणि झोपी जातं. पोरं मोठी झाली की भांडतात, आणि वाचनाला खरी चव तिथून येते. मध्यंतरी एका गलबताच्या प्रवासाचं पुस्तक संपलं. कप्तानाने आजारी खलाश्याला बेटावर सोडलं ते योग्य की अयोग्य, यावर तीन दिवस वाद झाला. मार्तंड कप्तानाच्या बाजूने, सत्यवती खलाश्याच्या. पंचफुला म्हणाली, "कप्तानाच्या बायकोले कोनी इचारलं का?" पुस्तकात कप्तानाला बायकोच नाही. तरी वाद तिनेच जिंकला.

असो. सत्यवतीच्या वाचनाबद्दल एके ठिकाणी शंका काढली गेली आहे. शंका फालतू आहे, पण माहिती पुरी असलेली बरी.

रुपराव गोविंदा हेडाऊ

*

तांडापेठ
ता. २३ नोव्हेंबर १९२५

चि. चंपत,

कार्ड पोचलं. "होय. थांबत होतो." तीन शब्द. अकरा वर्षांनी माणूस तीन शब्द लिहितो आणि उरलेलं कार्ड कोरं सोडतो! मी ते पालथं करूनही पाहिलं. मार्तंड म्हणाला, "बाबा, तिकडं पत्ताच असते."

पण उत्तर नेमकं आहे, हे मान्य केलं पाहिजे. मीही नेमकंच लिहितो. मागच्या पत्रात मी 'शंका' असा शब्द घातला होता. तो बरोबर नाही. सत्यवती नापास झाली.

बर्डीवर मुलींना शिक्षिका करण्याचा वर्ग आहे. सातवी झालेल्या मुलींना परीक्षा घेऊन घेतात. लेखी परीक्षेत ती बेचाळीस मुलींत तिसरी आली, गणितात पहिली. मग तोंडी वाचन होतं. त्यात तिने चार ओळी वाचल्या आणि बाकावर बसलेल्या मुली हसायला लागल्या. तिला कळेना काय झालं. तिला वाटलं लुगड्याला काही लागलं आहे. मोठ्या बाईंनी मुलींना गप्प केलं आणि विचारलं, "उच्चार चांगले आहेत तुझे. पण दर चार शब्दांनी थांबतेस कशाला? उचकी लागली आहे का?"

सत्यवती म्हणाली, "मी कुठं थांबते?"

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. आमच्या घरात सगळे असंच वाचतात. वर आवाज असा की दोन मागांच्या वर ऐकू जावा. परीक्षेच्या खोलीत आवाज होता तो एका घड्याळाचा.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार करायला गेलो. उच्चार स्वच्छ असताना मुलीला नापास करण्याचा नियम कुठे छापला आहे, तो दाखवा म्हणालो. तिथे काय झालं ते लिहिण्याची गरज नाही. एवढंच की मार्चमध्ये पुन्हा एकदा वाचन घेणार आहेत. जूनमध्ये सत्यवतीला अठरा पूर्ण होतात आणि अठराच्या वर परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे ही संधी शेवटची.

ती सवय कशी सुटेल ते कळव. तू रोज पन्नास पोरांकडून वाचून घेतोस, तुला ठाऊक असणार. हे मी विचारतो आहे, याची नोंद घे.

रुपराव

*

तांडापेठ
ता. १३ डिसेंबर १९२५

चि. चंपत,

तुझं चार पानांचं पत्र आलं. मी ते दोनदा मनात वाचलं आणि एकदा मोठ्याने. मोठ्याने वाचताना माग बंद ठेवला.

तू विचारलं आहेस की मोठ्या बाईंकडे काय झालं. बरं, सांगतो. माझं बोलणं संपताच त्यांनी टेबलावरचा कागद उचलून माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "हाच उतारा होता. तुम्ही वाचून दाखवता?" मला बरंच वाटलं. आपल्या वस्तीत माझ्याइतकं वाचलेला माणूस नाही. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची मी तारखेसकट नोंद ठेवतो; आजपावेतो दोनशे चौदा झाली. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि वाचलं: "आपल्या प्रांताच्या उत्तर भागात... जे डोंगर पसरले आहेत... त्यांच्या उतारावर सागाचे..."

आणि मला ऐकू आलं, चंपत. बावीस वर्षं वाचतो आहे, पण शांत खोलीत स्वतःचं वाचन मी कधी ऐकलंच नव्हतं. मी थांबत होतो. जिथे काहीही नाही तिथे थांबत होतो आणि तिथून पुढे नव्याने उडी घेत होतो. ओढ्यातल्या दगडांवरून कोणी चालावं, तसं.

बाईंनी विचारलं, "तुम्ही विणकर आहात का?"

"तुमाले कसं समजलं?"

"तुमचा पाय," त्या म्हणाल्या. मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय फरशीवर मागाची पावडी दाबत होता.

त्या हसल्या नाहीत. "मुलीचा दोष नाही," म्हणाल्या, "सवय आहे. मार्चमध्ये पुन्हा घेऊन या." त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. मी भांडायला गेलो होतो आणि पायरी उतरलो तो आभार मानून.

घरी मात्र वाईट झालं. सत्यवतीने वाचणं टाकलं. चार वाजले की ती आपण होऊन कांड्या भरायला बसू लागली. मार्तंडाने पुस्तक पुढे केलं तर म्हणाली, "तूच वाच, तुले कोनी हासत नाही." मग मार्तंडही वाचेना. पंधरा दिवस घरात नुसती खटखट. मला आधी वाटायचं की वाचन मागाच्या सोबतीला असतं. उलटं आहे. नुसता माग ऐकवत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते सर्वांपुढे वाचलं. तू लिहिलंस की माग थांबवा, आणि ज्याच्या हाताला काही काम नाही अशा माणसापुढे तिला वाचू द्या. सत्यवती सगळं ऐकत होती. शेवटी विचारलं, "काकांना मी आठवते का?" तू गेलास तेव्हा ती सहा वर्षांची होती. मी म्हणालो, पत्र तुझ्यासाठीच लिहिलं आहे ना. त्यावर तिने कांडी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दोन्ही माग थांबवले. पाच मिनिटं झाली असतील नसतील, समोरचा देवराव हातात धोटा तसाच घेऊन धावत आला. आपल्या गल्लीत भरदुपारी माग थांबला की लोकांना एकच गोष्ट सुचते.

"कोन गेलं गा, रुपराव?"

"कोनी नाही गेलं. पोरगी वाचून राहिली."

"मंग माग काहून बंद? आजवर वाचतच होती ना थे?"

"शांततेत वाचाले शिकून राहिली."

"बाप्पा! शांततेत वाचाचं तं ऐकणाऱ्यानं करावं काय?"

"बसावं."

तो बसला. पण बिनकामाचा माणूस म्हणून तो उपयोगाचा नाही. दर ओळीला "वाहवा" म्हणतो. मग ऐकणारा म्हणून मलाच बसवलं. हात मांडीवर, नजर समोर. सत्यवतीने सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीपासून पुन्हा थांबू लागली. पंचफुला माझ्याकडे पाहत होती.

"अवं सत्ये, तू थांबून नाही राहिली," ती म्हणाली, "थे तुह्या बाबाचा पाय थांबवून राहिला तुले. अहो, पाय धरा आपले!"

आता मी दोन्ही पाय पोटाशी दुमडून, पावलांवर पाट ठेवून बसतो. मार्तंड पाटावर हात देऊन राहतो. देवराव म्हणतो, पाय बांधून घरात म्हैस दोहून राहिले का? म्हणू दे. काल सत्यवतीने सलग नऊ ओळी वाचल्या.

तुझे आभार मानतो. हे वाक्य लिहून मी पुन्हा वाचून पाहिलं. बरोबर आहे, राहू दे.

दादा

*

तांडापेठ
ता. १७ जानेवारी १९२६

चि. चंपत,

संक्रांतीचा तिळगूळ मार्तंडाने वेगळा बांधून पाठवला आहे. त्यात शेंगदाण्याचे अर्धे आहेत. तीळ कमी पडले.

नऊ ओळींवरून आम्ही दोन पानांवर आलो होतो आणि तिथेच अडलो. ओळखीचं पुस्तक असलं की सत्यवती जुन्या चालीवर जाते. म्हणून तुझ्या मागच्या पत्रातला उपाय केला: पुस्तक उलटं ठेवून वाचायला लावा, डोळा प्रत्येक शब्दाशी जागा राहतो, सवयीने पळत नाही. हे तुला कुठून सुचलं ते तू लिहिलं नव्हतंस. मीही विचारलं नाही.

मंगळवारी केलं. मी मागावर माझ्या जागी बसलो, पण विणत नव्हतो. डाव्या अंगाला एक टोपली पालथी घातली, तिच्यावर पुस्तक ठेवलं. सत्यवती पलीकडे, माझ्याकडे तोंड करून बसली. पुस्तक तिला उलटं. म्हणजे मला सरळ. ती एकेका शब्दाखाली बोट धरून वाचू लागली.

मी तिच्या बोटाकडे पाहत होतो. आणि मला तुझं बोट दिसलं. शाईचा डाग असलेलं, नख खाल्लेलं.

चंपत, तू असाच बसायचास. चार वर्षं. पुस्तक माझ्याकडे सरळ ठेवून तू स्वतः उलटं वाचायचास, शब्दाखाली बोट धरून. मला इतकी वर्षं वाटत आलं की तिथे जागाच तेवढी, म्हणून पोरगं तसं बसतं. काल मी टेपाने मोजलं. माझ्या बाजूला, माझ्या खांद्याशी, सव्वा हात जागा आहे. बारा वर्षांचं पोर तिथे आरामात बसून पुस्तक सरळ धरू शकलं असतं.

आणि ते थांबणं. मी समजत होतो की आवाजात शब्द बुडू नये म्हणून तू थांबायचास. तसं नव्हतं. ठोका देताना माझी नजर कापडावर असायची. ठोका पडला की ती मोकळी व्हायची आणि टोपलीकडे वळायची. तोवर तू बोट हलवत नव्हतास. बोट थांबलं होतं म्हणून तू थांबला होतास. माझी नजर येईपर्यंत.

सत्यवती थकली तेव्हा मी म्हणालो, आता मी वाचतो, आणि तिच्या जागी जाऊन बसलो. उलटं पुस्तक, पालथी टोपली. मला दीड ओळ वाचता आली. दोनशे चौदा पुस्तकं वाचलेल्या माणसाला! मान दुखायला लागली. तुला तेव्हा शाळेत कोणी हे शिकवलं नसणार. तू रोज शाळेतून येऊन आधी एकट्याने सराव केला असशील, नाहीतर इतकं सरसर कसं जमलं असतं?

आता जे लिहितो ते या पत्रातलं मुख्य आहे.

१९१४ साली आपल्या समाजाचं वाचनालय उघडलं. मी ते उभारलं म्हणून मला फेटा बांधला. मी उभा राहून म्हणालो, "मले कोनी शिकवलं नाही. तेवीस वर्षांचा होतो, मागावर बसल्या बसल्या आपल्या डोळ्यानं शिकलो." लोकांनी टाळ्या दिल्या. तू पुढच्या सतरंजीवर होतास. उठून गेलास. घरी आलो तेव्हा तू दारात होतास आणि एकच विचारलंस, "दादा, चार वर्षं मी कोनासाठी वाचत होतो?"

मी म्हणालो, "कांड्या चुकवासाठी."

पंचफुलाने तेव्हाच माझ्याकडे असं पाहिलं होतं की मला उत्तर चुकल्याचं कळलं होतं. पण ते कळणं मी बाजूला ठेवलं. मी काही खोटं बोललो नाही, असं स्वतःला सांगितलं. वाचणाऱ्याला कांड्या माफ होत्या, हे खरंच होतं. एखादी गोष्ट खरी असूनही चुकीची असू शकते, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. ते पालथ्या टोपलीवर सापडलं.

मी अडाणी मेलो असतो, चंपत. बापाने तुला शाळेत घातलं आणि मला मागावर बसवलं. माझा राग त्याच्यावर होता. बाप गेल्यावर तो राग तुझ्यावर आला. तू मात्र शाळेतून जे मिळालं ते रोज घरी आणून माझ्यापुढे सरळ ठेवत होतास, आणि मला कमीपणा वाटू नये म्हणून 'शिकवतो' हा शब्द एकदाही उच्चारला नाहीस. म्हणूनच मला तो उच्चारायचा राहून गेला.

क्षमा कर, असं लिहायला हवं. ते मी तोंडाने म्हणेन. आज आभार घे. माझं सगळं वाचन तुझं आहे. मुलांचंही.

दादा

*

तांडापेठ
ता. ८ मार्च १९२६

चि. चंपत,

थोडक्यात लिहितो. परीक्षा शुक्रवारी, १२ तारखेला, सकाळी साडेदहाला आहे. सत्यवतीने काल अनोळखी पुस्तकाची सहा पानं न थांबता वाचली. आवाजही उतरवला आहे. पंचफुला म्हणते, आता पोरगी शेजारच्या खोलीत वाचते आहे असं वाटते.

तू येतो म्हणालास, त्यावर घरात सभा भरली. सत्यवती म्हणते, "काका आले तं मी त्याइकडंच पाहीन, वाचन राहून जाईन." म्हणून परीक्षेनंतर ये. रागावू नकोस, हे तिचं मत आहे. माझं मत विचारशील तर आजच्या गाडीने ये.

मला रात्री जेवण गेलं नाही. नापास झाली तर तिचा काही दोष नाही, माझ्या घराचा आहे.

दादा

*

तांडापेठ
ता. १४ मार्च १९२६

चि. चंपत,

निकाल कालच बोर्डावर लागला. पण मी सगळं क्रमाने सांगणार आहे, तू खालच्या ओळीवर उडी मारू नकोस.

शुक्रवारी आम्ही दहाच्या आधीच पोचलो. मला बाहेर व्हरांड्यात बसवलं. दार उघडं होतं, त्यामुळे आतलं ऐकू येत होतं. सत्यवतीचा नंबर सातवा. आधीच्या सहाही मुलींनी चांगलं वाचलं. सातवीचं नाव पुकारलं आणि त्याच वेळी मागच्या अंगणात सुताराने बाक ठोकायला घेतलं.

ठक्. ठक्. ठक्.

काय नशीब बघ. त्याचा ठोका फणीच्या ठोक्याहून थोडा संथ होता, पण चाल तीच. मी उठलो, सुताराला थांबवायला दोन पावलं गेलो. मग वाटलं, मी गेलो आणि तेवढ्यात तिचं वाचन झालं तर? परत येऊन बसलो. माझा पाय हलू लागला होता. मी तो दुसऱ्या पायाखाली दाबला.

उतारा मधमाशांवर होता. तिने पहिली ओळ स्वच्छ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीत "पोळ्याच्या मध्यभागी" म्हणाली आणि तिथे ठोका पडला. ती थांबली.

मी डोळे मिटले.

मग तिने काय केलं, ऐक. ती घाईने पुढे पळाली नाही. तोच शब्द पुन्हा घेतला, "पोळ्याच्या मध्यभागी," आणि ठोका पडत असताना त्याच्यावरून वाचत गेली. पुढचा ठोका, त्याच्यावरूनही. सुतार ठोकत राहिला, ती वाचत राहिली, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. तिथपासून मी मधमाशांचं वर्णन ऐकायला लागलो. चांगला उतारा होता. राणीमाशी किती दिवस जगते ते मला ठाऊक नव्हतं.

वाचन संपलं तेव्हा कोणी हसलं नाही. बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ही तीच का गं?"

मोठ्या बाई उठून दारापर्यंत आल्या. मला ओळखलं. सत्यवतीला म्हणाल्या, "चार महिन्यांत इतकं सुधारलंस. कोणाकडे शिकलीस?"

सत्यवतीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, हे उत्तर ऐकायला बाबांना आवडेल. म्हणाली, "बाबांकडे. बाबा स्वतःच स्वतः शिकले आहेत. त्यांना कोणीच शिकवलं नाही."

ती जे शब्द बोलली ते माझेच होते. जन्मल्यापासून तिने ते ऐकले आहेत. व्हरांड्यात दोन शिक्षिका उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. बाईही म्हणाल्या, "वा, हे मला ठाऊक नव्हतं."

मी म्हणालो, "नाही बाई. माहिती चुकीची आहे."

सत्यवती दचकली. मी म्हणालो, "हिचं काही चुकलं नाही, मीच तिले चुकीचं सांगितलं होतं. मले माह्या धाकट्या भावानं शिकवलं. तो बारा वर्षांचा होता आणि मी तेवीसचा. त्यानंच हिलेही शिकवलं, पत्रं लिहून."

बोलून झाल्यावर मला वाटलं होतं की काहीतरी वजन कमी झाल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. नुसतं बरोबर झाल्यासारखं वाटलं, काठाचा धागा जागेवर बसल्यावर वाटतं तसं.

बाईंनी विचारलं, "कुठे असतात ते?" मी सांगितलं. "शिक्षक आहेत?" म्हटलं, आहेत. पहिल्यापासूनच होते.

सत्यवती अकरा मुलींत दुसरी आली. जागा चार होत्या. १ जुलैला वर्ग सुरू होतो. राहण्याची सोय तिथेच आहे, दर रविवारी घरी. पंचफुलाने बातमी ऐकून दोन्ही माग बंद केले, आणि देवराव पुन्हा धावत आला. या वेळी त्याला पेढा मिळाला. तो म्हणाला, "रुपराव, तुह्या घरी माग बंद पडला का मले समजतच नाही का रडावं का हासावं."

सत्यवतीने घरी येताना टांग्यात मला विचारलं, "बाबा, मंग तुमी आमाले असं काहून सांगत होते?" मी तिला टोपलीची सगळी गोष्ट सांगितली. बर्डीपासून इतवारीपर्यंत ती संपली नाही. उतरल्यावर सत्यवती म्हणाली, "काका आले का पहिल्या दिवशी मी वाचून दाखवीन. तुमी मधात बोलाचं नाही."

तू ये. शाळेला सुट्टी लागली की ये, बायकोमुलांना घेऊन ये. छिंदवाड्याची लहान गाडी इतवारीला संध्याकाळी पोचते. मार्तंड स्टेशनावर येईल. मीही येईन. दोघांनी यायची गरज नाही हे मला कळतं, तरी येईन.

एक गोष्ट राहिली. शुक्रवारी निघण्याआधी बाईंनी मला आत नेऊन टेबलावरच्या परीक्षेच्या वहीत सत्यवतीच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय लिहिता? त्या म्हणाल्या, मुलगी पूर्वी कोणाकडे शिकली ते लिहावं लागतं. तुमच्या भावाचं पूर्ण नाव सांगा. मी सांगितलं: चंपतराव गोविंदा हेडाऊ. त्यांनी लिहिलं. मी वाकून वाचून पाहिलं.

बरोबर होतं.

तुझा,
दादा